पुट्टीखालचा पत्रा

बाबा, तुमची गाडी सुरू होत नाही.

म्हणजे होते, पण तुमच्या हाताला व्हायची तशी नाही. चावी अर्धी फिरवायची, जरा थांबायचं, मग मागे आणून पुन्हा पुढे न्यायची आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवर एक थाप मारायची. ती थाप नेमकी कुठे मारायची, हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. शेषराव काका म्हणतात मधोमध. आई म्हणते, "मले तं वाटे, ते गाडीले शाबासकी देऊन राहिले." मी सगळीकडे मारून पाहिली. समोरच्या घरातल्या दोघी पायरीवर बसून बघत होत्या. कुणी बघत असलं की मला येत असलेलं कामही येईनासं होतं, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही असतात तर उतरून त्यांच्याशी काहीतरी बोलायला लागला असतात, त्यांची नजर माझ्यावरून हटेपर्यंत.

तुम्ही नाही आहात, आणि मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहायला बसले होते, दोनदा. दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांबद्दल झालं.

तुमच्या पिकअपचा हॉर्न म्हणजे दारावरच्या घंटीचं बटण आहे, स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ. वायपर कूलरच्या गोल बटणावर चालतो, हाय, मीडियम, लो. डावा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, म्हणून शेजारी बसलेल्या माणसानं काचेतून हात बाहेर काढून स्वतःची सुटका करून घ्यायची. काही बिघडलं की तुम्ही गाडीचा पार्ट आणत नव्हतात. दुकानात कूलरचं जे पडलेलं असेल ते लावत होतात. "चार चाकायचा कूलर हाये आपला," असं गिऱ्हाइकांना हसून सांगायचात. मीही हसायचे. आता तो चार चाकांचा कूलर नंदनवन वस्तीत आपल्या दारापुढे उभा आहे आणि त्याचं काय करायचं ते मी ठरवायचं आहे.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. होळी जवळ आलीय, म्हणजे कूलरचा सीझन आला. लोक माळ्यावरचे जुने कूलर खाली काढून बघू लागलेत. दुकानात वाळ्याच्या ताट्यांचे गठ्ठे येऊन पडलेत, सगळ्या गल्लीला त्यांचा वास येतो. आणि गाडीची पासिंग, म्हणजे आरटीओचा फिटनेसचा दाखला, या महिन्यात संपते. पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर नाही, गाडी नाही तर डिलिव्हरी नाही, आणि डिलिव्हरी नाही तर शेषराव काकांना वर्षभर पुरेल असं दुसरं काम नाही. मी चौथीत असल्यापासून ते तुमच्याबरोबर कूलर उचलताहेत. तुमच्याकडे आले तेव्हा त्यांचे केस काळे होते.

तेराव्याच्या जेवणातच या गाडीचा विषय निघाला. एक पाहुणे म्हणाले, भंगारात देऊन टाका. दुसरे म्हणाले, "भंगारात काहून? रंग मारा अन् विकून टाका. घेणाराले आतलं कुठं दिसते?" सगळे हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या भाताकडे पाहिलं. संध्याकाळी आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? तूच ठरव वं. तुले इंग्रजी येते."

गाडीच्या गंजाला इंग्रजी कशाला लागतं, बाबा? पण आपल्या घरात असंच आहे. जे कठीण असेल ते इंग्रजी, आणि जे इंग्रजी असेल ते गुड्डीचं.

पाचवीत होते तेव्हा तुम्ही विजेच्या मीटरचा कागद माझ्यापुढे ठेवलात. तो पहिला. मग गॅसचा फॉर्म, विम्याचा फॉर्म, गाडीचे सगळे कागद, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा कागद. मी वाचायचे, तुम्ही ऐकायचात, मी बोट ठेवीन तिथे सही करायचात. एकदाही विचारलं नाहीत की नक्की असंच लिहिलंय ना. ज्या मुलीला वर्गात उभं राहून उत्तर देता येत नव्हतं, तिच्या शब्दावर तुम्ही सह्या करत होतात. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा असायचा, बोलत नाही. घरी तुम्ही लोकांना सांगायचात, "आमची गुड्डी वाचून सांगते." मला तेव्हा फार मोठं वाटायचं. आता वाटतं, एवढा विश्वास टाकायला नको होतात. निदान एकदा तरी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायचं होतंत.

गाडीवरून आपलं शेवटचं भांडण झालं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तुम्ही दर दसऱ्याला गाडीला रंग द्यायचात, कूलरच्या कामातून उरलेला. ज्या वर्षी राखाडी उरला त्या वर्षी गाडी राखाडी, ज्या वर्षी अर्धा डबा निळा उरला त्या वर्षी दरवाजे निळे. त्याच ब्रशची उरलीसुरली हौस म्हणून मिशीलाही त्याच दिवशी काळा रंग. त्या दिवशी तुम्ही मागच्या डाल्याला, माल ठेवायच्या हौद्याला, रंग देत होतात आणि मी केबिनमध्ये काहीतरी शोधत होते. पाय ठेवला तर खालचा पत्रा हलला.

"बाबा, आधी खालून दुरुस्त करा. पायाखालचा पत्रा हलतोय."

"हलते तं हलू दे. गाडी हाये, देव्हारा थोडीच हाये."

"मग रंग तरी कशाला देता?"

"रंग पाहून गिऱ्हाईक दार उघडते, गुड्डे. चेसिस पाहून कोणी चहा पाजते का?"

मी म्हटलं, हे काही उत्तर नाही. तुम्ही ब्रश डब्याच्या कडेला पुसत म्हणालात, "तू नौकरीच्या इंटरव्ह्यूले गेली तवा नवा ड्रेस घातला होता ना? पोटात कावळे ओरडून राहिले होते, थे कोणं पाह्यलं?" शेषराव काका इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मी घरात निघून गेले.

मला उत्तर दोन दिवसांनी सुचतं. नेहमीच. तेव्हाही सुचलं होतं, की इंटरव्ह्यूनंतर मी घरी येऊन जेवले होते, बाबा. भूक तशीच ठेवून वर दुसरा ड्रेस चढवला नव्हता. पण तोपर्यंत दसरा होऊन गेला होता, रंग वाळला होता, आणि तुम्ही गाडीला झेंडूचा हार घालून मनीषनगरला निघाला होतात. ते उत्तर तसंच राहिलं. आज लिहिते आहे.

हे सगळं लिहिताना मला रामटेक आठवतं आणि राग पातळ होतो, म्हणून ते लिहावं की नाही याचा मी विचार करत होते. दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला रामटेकला नेलंत, तिथल्या एका धर्मशाळेला चार कूलर पोचवायचे होते. शेषराव काका आले नव्हते. जाताना-येताना मी एक शब्द बोलले नाही. घरी पाहुणे आले की सगळे मला म्हणत, बोल की, मुकी हायेस का. तुम्ही त्या दिवशी काहीही म्हणाला नाहीत. धानाची रिकामी शेतं दोन्ही बाजूंना, गरम वारा आत येत होता, पाऊस नसताना वायपर मधूनच आपोआप फिरत होता, आणि तुम्ही माझ्या गप्प बसण्याला गाडीतल्या सामानासारखं नीट बांधून घेऊन चालला होतात. घरी पोचल्यावर आईनं विचारलं, काय बोलली ही? तुम्ही म्हणालात, "भल्ल्या गोष्टी केल्या आम्ही."

एवढं एक. इथवर लिहून ठेवलं होतं; पुढचं दोन आठवड्यांनी लिहिते आहे. आता पुन्हा गाडीकडे येते.

शेषराव काका आणि मी गाडी बशीरभाईंकडे घेऊन गेलो. बशीरभाई म्हणजे तुमचे जुने डेंटिंग-पेंटिंगवाले. तुम्ही त्यांच्याकडे चहा प्यायला जायचात आणि काम मात्र घरी करायचात, असं ते मला म्हणाले. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. सगळा वेळ मी ऑफिसची बॅग पोटाशी धरून एका उलट्या टायरवर बसले होते. बशीरभाईंनी केबिनमधलं रबराचं मॅटिंग उचललं, पटाशीनं दोन-चार ठिकाणी खरवडलं. वर राखाडी, खाली निळा, मग हिरवा, मग पुन्हा राखाडी. दर दसऱ्याचा एकेक थर. आणि सगळ्यांच्या खाली भोकं बुजवायची पांढरी पुट्टी. पटाशी जिथे लावावी तिथे पुट्टीच निघत होती.

बशीरभाई वाकूनच म्हणाले, "बेटा, इसमें पत्रा कम है, पुट्टी ज्यादा."

शेषराव काका घाईघाईनं पुढे आले. "थोडंसंच गंजलं हाये, गुड्डे. घाबराचं काम नाही. अजून एक हात पुट्टी मारली, वरून रंग मारला, का पासिंग होऊन जाते. आजपर्यंत झालंच ना?"

काका वाईट माणूस नाहीत. त्यांना सीझन वाचवायचा होता. पण त्यांनी ते "थोडंसं" ज्या पद्धतीनं म्हटलं, आवाज जरा खाली आणून, माझ्याकडे न बघता, शब्दाच्या शेवटी हलकंसं हसून, ती पद्धत मला ओळखीची वाटली. असं "थोडंसं" कसं तयार करतात ते मला माहीत आहे. मी स्वतः केलेलं आहे.

मी उठले, बशीरभाईंच्या हत्यारांतला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि क्लचच्या खालच्या पत्र्यावर टेकवला. जोर लावावाच लागला नाही. तो दांड्यापर्यंत आत गेला. बाहेर काढला तर भोकातून खालची जमीन दिसली, तिच्यावर पडलेला एक नट दिसला. ह्याच्यावर पाय ठेवून तुम्ही सोळा-सोळा कूलर वाहून नेत होतात. ह्याच्यावर पाय ठेवून मी रामटेकला गेले होते.

"थोडंसं म्हणजे किती, काका?" मी म्हटलं. म्हणजे ओरडले. बाजूला कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं, तो बंद झाला. "थोडंसं म्हणजे किती? हे थोडंसं आहे?"

"बाप्पा!" काका बशीरभाईंना म्हणाले. "हिले आवाज हाये."

मग काका टायरवर बसले, मी बसले होते तिथे, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझ्या बाबानंच सांगतलं होतं मले," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. म्हणे, गुड्डीले सांगू नको, ते उगाच घाबरते. अन् मी काय करू सांग. गाडी नाही तं काय डोक्यावर कूलर घेऊन मनीषनगरले जाऊ?"

स्क्रूड्रायव्हर बशीरभाईंना परत दिला आणि उद्या येते म्हणून चालत निघाले. बसस्टॉपपर्यंत मी तुमच्याशी मनात भांडत होते. तुम्हाला माहीत होतं. खाली काय आहे ते तुम्हाला पूर्ण माहीत होतं, आणि तुम्ही वरून ब्रश फिरवत होतात, आणि मी विचारलं तर इंटरव्ह्यूच्या ड्रेसचा विनोद सांगत होतात. बसमध्ये बसल्यावर मात्र भांडणात माझी बाजू पडायला लागली.

आता ते सांगते, जे मी तुम्हाला सांगितलं नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत तुम्हाला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची एक तपासणी लिहून दिली, ती तुम्ही केलीत. रिपोर्ट घेऊन परत दाखवायला या असं त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "तिथं दोन घंटे बसून ठेवतात. तूच वाच ना. तुले समजते." रिपोर्ट आणायला मीच गेले. लॅबच्या बाहेर, पार्किंगमध्ये उभं राहून मी तो वाचला. काही शब्द कळले नाहीत, ते मोबाइलवर शोधले. मग तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

परत आले तेव्हा तुम्ही दुकानात एका कूलरच्या टबाला आतून डांबर लावत होतात, गळू नये म्हणून. वर बघितलंत. हात काळे, आणि चेहऱ्यावर ते, मी कागद वाचायला उभी राहिले की नेहमी येणारं कौतुक. तुम्ही घाबरलेले नव्हतात, बाबा. तुम्हाला ऐकायची उत्सुकता होती. म्हणजे मी वाचतेय याची.

मी म्हटलं, "थोडंसं ब्लॉकेज आहे. एकदा दाखवून घ्या म्हणतात."

आवाज जरा खाली आणून. तुमच्याकडे न बघता. शेवटी हलकंसं हसले असेन, मला नक्की आठवत नाही, पण असेन.

"थोडंसंच ना?" तुम्ही म्हणालात. "मंग सीझन होऊन जाऊ दे."

तिथे मी बोलायला हवं होतं. तो कागद माझ्या हातात होता. मला वाटलं, आत्ता लगेच नको, हात काळे आहेत, रात्री जेवताना सांगू. रात्री जेवताना शेषराव काका होते. मग दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता सांगितलं तर तुम्ही विचाराल, काल काहून नाही सांगितलं? रोज एक दिवस वाढला की सांगणं आणखी अवघड होत गेलं. मी आठवण करून दिली, हो. मे महिन्यात एकदा, आणि पावसाळ्यात एकदा. हळू आवाजात. "बाबा, डॉक्टरांकडे जायचंय ना." तुम्ही मेमध्ये म्हणालात सीझन होऊ दे, पावसाळ्यात म्हणालात दसरा होऊ दे. दसऱ्याला मी तुमच्याशी पत्र्यावरून भांडले. पत्र्यावरून! आधी खालून दुरुस्त करा, असं मी तुम्हाला सांगत होते, आणि तो कागद माझ्या कपाटात कपड्यांच्या खाली होता.

म्हणून मी चिडले आहे. मी घाबरू नये म्हणून तुम्ही भोकात पुट्टी भरलीत. तुम्ही घाबरू नये म्हणून मी तेच केलं. एकाच घरात दोन माणसं एकमेकांपासून गंज लपवत होती आणि दोघांनाही वाटत होतं आपण काळजी घेतोय. ही कसली काळजी, बाबा? ही कुठली पद्धत? तुम्ही असतात तर यावरही काहीतरी विनोद केला असतात, आणि मला उत्तर पुन्हा दोन दिवसांनी सुचलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बशीरभाईंकडे गेले आणि ठरवलेलं सांगितलं. गाडी भंगारात द्यायची नाही. केबिनचा आणि डाल्याचा खालचा सगळा पत्रा कापून काढायचा, नवा वेल्ड करायचा. पुट्टी कुठेही नाही. वरून पासिंगपुरता साधा एक रंग. पण खालून रंग द्यायचा नाही, लाल प्रायमरवरच सोडायचं.

"नीचे से अच्छा नहीं दिखेगा, बेटा," बशीरभाई म्हणाले.

"चालेल. पुढे गंज आला तर दिसला पाहिजे."

त्यांनी चेसिस मात्र ठीक आहे म्हणून सांगितलं. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला गाडीखाली वाकायला लावलं, हातोडी दिली आणि ठोकून बघ म्हणाले. मी ऑफिसच्या कपड्यांत गाडीखाली वाकले आणि ठोकून बघितलं. आवाज चांगला होता, भरीव.

शेषराव काका मात्र रुसले. "आठ दिवस गाडी इथं पडून राहीन तं गिऱ्हाईक थांबते का? दुसऱ्याकडून घेतीन."

"मी फोन करून सांगते सगळ्यांना."

"तू?" काका म्हणाले. "फोन?"

तुमची ती निळी वही काढली, ज्यात गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत. मी ती आधी कधी वाचली नव्हती, कारण ती मराठीत आहे आणि तिच्यासाठी तुम्हाला माझी गरज नव्हती. त्यात तुम्ही काय काय लिहून ठेवलंय! "पिवळा बंगला, कुत्रा भुंकते पण चावत नाही." "मास्तर, दुपारी झोपतात, बेल वाजवू नये." "मनीषनगर, तिसरा माळा, आजीबाई एकट्या, लिफ्ट बंद राहते, पाणी विचारतात, प्यावं." मला वाटायचं, लोकांकडे बारीक लक्ष ठेवणं ही माझी एकटीची खोड आहे.

दुकानात बसून मी फोन करायला लागले. आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. पहिले दोन लागले नाहीत म्हणून मला आनंद झाला. तिसरा मनीषनगरच्या आजींचा.

"कोण बोलून राहिलं?"

"मी नंदनवनच्या कूलरच्या दुकानातून..."

"गुड्डी काय वं तू? थे इंग्रजी शाळेतली?"

मी हो म्हटलं. आजी म्हणाल्या, "बाबाले दे बरं फोन. मागच्या साली लावून देला थो पंप लय आवाज करे. त्यायलेच सांगतो मी, तुले नाही समजणार."

त्यांना माहीत नव्हतं. माझ्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. आणि बाबा, मी तोंड उघडलं होतं, आणि वाक्य तयार होतं, अगदी जिभेवर, की बाबांना जरा बरं नाही. आवाजही खाली आला होता. समोर शेषराव काका ताट्या मोजायचं सोडून माझ्याकडे बघत होते.

"आजी, बाबा गेले," मी म्हटलं. "जानेवारीत. हार्ट अटॅकनं."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"अन् तूच फोन करून राहिली?" त्या म्हणाल्या.

"हो. गाडी दुरुस्तीला आहे. कूलर आठ दिवस उशिरा येईल."

"येऊ दे." मग जरा थांबून, "लिफ्ट सुरू झाली वं आता. त्यायले सांगाचं होतं मले. बिचारे तीन माळे चढून येत, अन् वर आले का दहा मिनिटं बोलतच नव्हते."

मी पत्त्याच्या त्या ओळीतलं "लिफ्ट बंद राहते" खोडलं आणि "सुरू" लिहिलं. मग काकांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि पुढचा नंबर बोटानं दाखवला. त्या दिवशी मी एकोणीस फोन केले. त्यातल्या सहा जणांना माहीत नव्हतं. सहाही वेळा मी तेच वाक्य तसंच म्हटलं.

रविवारी दुपारी कपाटातून तो रिपोर्ट काढून आईपुढे बसले आणि सगळं सांगितलं. पार्किंगपासून. आई तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. मी तिला रिपोर्ट वाचून दाखवते म्हणाले, एकेक ओळ, मराठीत. तिनं हात थांबवला.

"त्यायले सांगतलं असतं तं गेले असते का ते दवाखान्यात?" मीच विचारलं, तिच्या भाषेत. तिनं नाही म्हणावं असं मला वाटत होतं.

"मले काय माहीत," आई म्हणाली. "तुले बी नाही माहीत. पण सांगाले पायजे होतं."

मग तिनं सूप उचललं आणि उठता उठता म्हणाली, "मले वाचून काय फायदा आता? ज्यायले वाचून दाखवाचं होतं त्यायले दाखव."

ती रागानं म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली. आज सकाळी चहा दिला तेव्हा गाडी कशी झाली म्हणून विचारलं. गाडी कालच आली आहे. दारापुढे उभी आहे, वरून एकच राखाडी रंग, खाली वाकलं तर लाल प्रायमर. पासिंग सोमवारी आहे. हॉर्न अजून घंटीच्या बटणावरच वाजतो; तो मी बदलू दिला नाही. थाप कुठे मारायची ते बशीरभाईंनी शोधून काढलं. डॅशबोर्डच्या मागे एक वायर सैल होती, तुमच्या थापेनं ती जागेवर बसायची. आता घट्ट केली आहे. थाप लागत नाही.

हे शेवटचं मी केबिनमध्ये बसूनच लिहिते आहे. पाय खाली घट्ट टेकले आहेत. ऑफिसचं सगळं मी इंग्रजीत लिहिते, मला तेच सोपं जातं, पण हे मराठीत लिहिलं, कारण हे तुम्हाला दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं लागू नये. रिपोर्ट मांडीवर आहे. नाव आणि वय सोडते. बाकी एकही ओळ सोडत नाही. ऐका.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य वाहिन्या तपासल्या. उजवी वाहिनी ठीक आहे. डावीकडून मागे वळणारी वाहिनी मधल्या भागात अरुंद झाली आहे. डावीकडून समोर उतरणारी वाहिनी सुरुवातीलाच फार अरुंद झाली आहे, रक्त जायला अगदी थोडी जागा उरली आहे. हृदयरोगतज्ज्ञांना तातडीनं दाखवावं.

तातडीनं, बाबा. शेवटच्या ओळीत, ठळक अक्षरांत. हा शब्द मी तेव्हाच वाचला होता.